खांद्यावरचं फावडं

"उपस्थित वऱ्हाडी, व्याही, सोयरेधायरे आणि मंडपामागे बुंदी पाडत असलेले आचारी, या सर्वांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते, की नवरीचे थोरले मामा, कोल्हारचे प्रगतिशील बागायतदार आणि योगायोगाने माझे सख्खे बंधू, हे गेल्या दोन महिन्यांपासून रोज सकाळी पायी चालत आहेत. ते कुठेही जात नाहीत. त्यांचे कुठेही काम नाही. त्यांची मोटारसायकल चालू स्थितीत आहे. तरीही ते चालत आहेत. समाजाने याची गंभीर दखल घ्यावी."

हे मी बोललो. काष्टीला, बहिणीच्या मुलीच्या लग्नात, भर दुपारी, माईकवर.

आमच्याकडे लग्नात माईक कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न नसतो. हायस्कूलचा मराठीचा मास्तर घरातलाच असला तर तो जन्मभर माईकला जुंपलेला. त्या दिवशी तर गरजच होती. अक्षता हातात घेऊन मंडप ताटकळत होता, आणि शुभाशीर्वाद देणारे पुढारी श्रीगोंद्यातल्या दुसऱ्या लग्नात अडकले होते. पुढाऱ्याची गाडी वळणावर दिसेपर्यंत नवरा-नवरी अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे उभे राहतात आणि कुणीतरी बोलत राहतं, अशी आमची रीत. "सर, पब्लिक उठू देऊ नका," असं जावईबापूंनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, कानात सांगितलं. पब्लिक उठलं नाही. पब्लिक हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आलं. मांडवाच्या मागे बुंदीचा झारा थांबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मास्तराला आणखी काय पाहिजे?

आता तो हशा मला पुरून उरलाय. पण आधी दादाचं चालणं सुरू कसं झालं ते सांगतो, म्हणजे मी काय थांबवलं ते कळेल.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. प्रवरेच्या काठावरच्या पट्ट्यात आमचा ऊस आणि थोडं डाळिंब. गावापासून दोन किलोमीटरवर, पाटाच्या रस्त्याला आमची वस्ती. तरुणपणी दादा बैलासारखा राबला. पण गेल्या दहा-बारा वर्षांत एकेक काम त्याच्या अंगावरून उतरत गेलं. नांगरट ट्रॅक्टरवर गेली. पाणी ठिबकवर गेलं. विहिरीवरची मोटर मोबाईलवर गेली. खाटेवर बसून बोट दाबलं की तिकडे पाणी चालू. खुरपणीला बाहेरची टोळी येऊ लागली. घरापासून गोठा दीडशे पावलांवर, तिथेही दादा मोटारसायकलवर जायचा आणि गाडी बंद न करता, एक पाय खाली टेकवून म्हशीशी बोलून परत यायचा. म्हैसही त्याला गाडीवरचा म्हणूनच ओळखायची.

तरी स्वतःला तो कष्टकरी समजायचा. आम्ही सगळेच समजतो. शेतात राहणारा माणूस म्हणजे आपोआप राबणारा माणूस, ही आमची गोड समजूत.

पन्नाशीला आला तसं मानेमागे जड वाटायला लागलं. वहिनी मागे लागल्या तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेला, आणि मला सोबत घेतलं, कारण डॉक्टर इंग्रजी बोलला तर मास्तर लागेल. डॉक्टर इंग्रजी बोलला नाही. तो शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने तीनदा पट्टा बांधून बीपी पाहिलं, तिसऱ्यांदा पाहून कागदावर आकडा लिहिला आणि म्हणाला,

"दादा, ठिबकला फिल्टर कशासाठी बसवलाय?"

"कचरा अडकाया."

"आणि मोटरचं प्रेशर फार झालं तर?"

"नळ्या सुटत्यात. जाळी फाटती."

"तुमच्या पाठीमागं, कमरेच्या वर, असे दोन फिल्टर आहेत. जाळी फार नाजूक. प्रेशर कायम जास्त राहिलं की ती हळूहळू जाते. आणि ती जाळी दुकानात मिळत नाही."

दादाने पाठीमागे हात लावून पाहिलं. "दुखंल ना पन? दुखलं की यीन लगीच."

"दुखत नाही हो. हीच तर पंचाईत. कळेपर्यंत अर्धीअधिक गेलेली असते."

मग त्याने गोळी लिहिली, मीठ कमी करायला सांगितलं, लोणच्याच्या बरणीकडे बघायचंही नाही म्हणाला आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, "आणि चालायचं. रोज अर्धा तास. दम लागेल, पण बोलता येईल, अशा चालीनं. रोज चालणाऱ्याच्या रक्तवाहिन्या सैल राहतात, प्रेशर उतरतं, किडनीवरचा मार कमी होतो. चालल्यानं त्या वाचतीलच असं मी लिहून देणार नाही. पण बसून राहणाऱ्यापेक्षा चालणाऱ्याला आशा जास्त."

"डॉक्टर, मी शेतकरी मानूस हाय," दादा म्हणाला. "मला कशाला व्यायाम?"

"मोटर कशी चालू करता?"

दादाने खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पायात जुने बूट घालून पाटाच्या रस्त्याला लागला. वस्तीपासून हायवेपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा बेत. पहिल्या वळणालाच दूधवाला थांबला.

"दादा, गाडी बंद पडली का?"

"न्हाई. चालतोय."

"कुठं?"

"कुठं न्हाई."

दूधवाल्याने गाडी स्टँडला लावली. एवढ्या मोठ्या माणसाला कुठेच जायचं नाही आणि तो चालतोय, हे त्याला सोडवेना. "बसा, सोडतो," म्हणाला. दादा नको म्हणाला. "आवो बसा. मी असा गाडीवर आन् तुमी असं पायी, लोक काय म्हनतील मला?" पहिल्या दिवशीचा व्यायाम दोन कॅनच्या मधे बसून घरी परत आला.

आमच्याकडे वडीलधारा माणूस पायी दिसला आणि आपण गाडी न थांबवता पुढे गेलो, तर तो उद्धटपणा. आणि थांबलेल्या गाडीवर न बसणं हा त्याहून मोठा अपमान. दुसऱ्या दिवशी बांधाला बांध लागून असलेला शेजारी थांबला. त्याचा आणि आमचा बांधावरून वाद होता, तो दोन वर्षांपूर्वी चार माणसांत बसून मिटला होता. दादा त्याला म्हणाला, "तू हो पुढं, मी येतो चालत." त्याने घरी जाऊन सांगितलं, याच्या मनातून अजून गेलेलं न्हाई. संध्याकाळी मिटवायला बसलेल्या चौघांपैकी एक जण आमच्या ओट्यावर हजर. "दादा, मिटलं हुतं ना?" तिसऱ्या दिवशी दादा मुद्दाम वाट बघत उभा राहिला आणि त्या शेजाऱ्याच्या गाडीवर बसून हायवेला गेला. तिथे दोघांनी चहा घेतला, भजी खाल्ली, आणि सलोखा पक्का करून गाडीवरच परत आले.

चौथ्या दिवशी मी थांबलो. शाळेला निघालो होतो. दादा पाटाच्या कडेने चालत होता. सवयीने ब्रेक लागला. "बस," म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बसला. डॉक्टरच्या समोर तासभर बसून ऐकलेला मी.

वस्तीवस्तीवर आणखी काय काय बोललं गेलं ते वहिनींच्या कानावर यायचंच. दादाचं घरात भांडण झालंय. वहिनी माहेरी गेल्यात. त्या तर घरातच होत्या, पण त्यांनाच विचारायला बाया यायच्या की तुम्ही माहेरी गेलाय का.

वहिनी दुष्काळी जामखेडच्या. लग्न होऊन तीस वर्षं आमच्या पाण्याच्या गावात राहिल्या, तरी पाणी वाया गेलेलं त्यांना अजून बघवत नाही. एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आमच्याकडं डोक्यावर हंडा घेऊन तीन-तीन मैल चालत हुतो आमी. एकानंबी म्हनलं न्हाई, बस गाडीवर."

"हंडा असल्यावर कसं बसवतील?" मी म्हणालो.

वहिनींचा हात थांबला. मग त्या उठल्या, पडवीच्या कोपऱ्यातलं फावडं आणलं आणि दादाच्या खाटेला टेकवून ठेवलं.

"उद्यापून हे खांद्यावर घ्या. रिकाम्या हातानं चालनारा मानूस लोकाला बघवत न्हाई."

यापेक्षा हुशार औषध कुठल्या डॉक्टरने लिहिलं असेल असं मला वाटत नाही. खांद्यावर फावडं असलेला माणूस म्हणजे जवळच्याच वावरात चाललेला. त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला कुणी गाडीवर घेत नाही, कारण तो लगेच वळणार असतो, आणि लांब दांडा घेऊन मागे बसलेला माणूस गाडी चालवणाऱ्यालाही नकोच असतो. नुसता हात वर करतात आणि जातात. दूधवाल्याने हात वर केला. शेजाऱ्याने हात वर केला. दादा सुटला.

दोन महिने तो चालला. एक दिवस चुकवला नाही. सकाळी खांद्यावर फावडं, हायवेपर्यंत जायचं, तिथे चिंचेखाली फावडं टेकून दोन मिनिटं थांबायचं, परत यायचं. पहिल्या आठवड्यात धापा टाकत यायचा. मग येता येता बातम्या आणायला लागला. कुणाच्या उसाला तुरा आला, कुणाचा पेरू करपला, पाटाची झडप कुणी रात्रीतून वर केली. गाडीवरून जन्मभर गेला, पण हे त्याला कधी दिसलं नव्हतं. मला म्हणाला, "मास्तर, पायी चाललं की कळतं, आपलं वावर केवढं हाय."

महिन्याने डॉक्टरकडे गेला तर बीपी उतरलेलं. डॉक्टरने नवा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. दादाने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी आल्यावर वहिनींना दाखवला. त्यांना आकडा वाचता आला, त्याचा अर्थ नाही, पण दोन रेघा कळल्या. फावड्याचं गुपित आम्हा चौघांतच होतं. दादा, वहिनी, माझी बायको आणि मी.

"तूबी चल की," एकदा मला म्हणाला. "पोट बघ तुझं. उद्या फळ्याला लागंल."

मी म्हणालो, "दादा, मी रोज सहा तास उभा असतो. मास्तरकीसारखा व्यायाम नाही." हे मी त्याला पटवलं. पटवून देणं मला आवडतं. त्याच दमात स्वतःलाही पटवलं.

मग काष्टीचं लग्न.

सुरुवातीची घोषणा तुम्ही ऐकलीच आहे. ती तिथेच थांबवली असती तर दादाही हसून विसरला असता. पण पुढाऱ्याची गाडी दिसेना, मंडप हसत होता, आणि पुढच्या ओळीतला एक पाहुणा म्हणाला, "सर, आणखी." त्या एका शब्दावर मी कितीदा घसरलोय याची गणती नाही. माझ्या हातात एक हुकमी गुपित होतं. मी ते टाकलं.

"आणि मंडळी, चालताना त्यांच्या खांद्यावर फावडं असतं. त्या फावड्याने आजवर मातीचं एक ढेकूळ हललेलं नाही. खरी गोष्ट अशी की फिरायला ते फावडं जातं. दादा फक्त सोबत जातात, फावड्याला एकटं वाटू नये म्हणून."

यावर जे झालं त्याला मी हशा म्हणत नाही. कोल्हारहून दोन बस भरून वऱ्हाड आलं होतं. दूधवाला होता, बांधाचा शेजारी होता, ओट्यावर आलेला मध्यस्थ होता. त्यांना तर एका क्षणात सगळं उलगडलं. दूधवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. शेजारी मांडीवर थापा मारत होता. फेटा बांधून सोफ्यावर बसलेला दादाही हसत होता. चारचौघांत भावाने थट्टा केली तर हसावंच लागतं, नाहीतर माणूस हलका ठरतो. बायकांच्या बाजूला वहिनी तेवढ्या हसत नव्हत्या. त्या दादाकडे बघत होत्या.

पुढारी आले. अक्षता पडल्या. मला तीन जणांनी टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं पडवीच्या कोपऱ्यात होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. गावात आठ-पंधरा दिवस तेच चाललं. "दादा, आज फावडं एकटंच गेलं का फिरायला?" "दादा, फावड्याचं बीपी काय म्हनतंय?" पारावर, सोसायटीत, दूध डेअरीवर, सगळीकडे. दादा प्रत्येकाला हसून उत्तर द्यायचा. माझ्यापेक्षा बरी उत्तरं द्यायचा. पण चालला नाही. पुन्हा कधीच चालला नाही.

मी एकदा विचारलं. म्हणाला, "गुडघा दुखतोय."

गुडघा दुखत नव्हता. ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो, दादा, उद्यापासून मी येतो सोबत, दोघं रिकाम्या हाताने चालू, हसू दे काय हसायचं ते. एवढंच वाक्य होतं. हजार माणसांपुढे तासभर बोलणाऱ्या मला ते एक वाक्य आलं नाही. खरं सांगायचं तर सकाळी उठायचा कंटाळा होता.

चालणं सुटलं तसं बाकीचंही सुटलं. लोणच्याची बरणी खाली आली. गोळी रोजची होती ती डोकं दुखेल तेव्हाची झाली, आणि डोकं तर दुखत नव्हतं. आतली जाळीही दुखत नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच सगळं बिनबोभाट चाललं होतं.

चार वर्षांनी एका सकाळी वहिनींना दादाचं तोंड सुजलेलं दिसलं. आधी वाटलं झोप झाली नाही. मग पायाला चपलेच्या पट्ट्याचे खड्डे पडायला लागले. लघवीला साबणासारखा फेस. नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून विचारलं, बीपी किती वर्षांपासून आहे, तर दादा म्हणाला, "मधी कमी झालं हुतं." आणि खिशातून पाकीट काढून त्यातला कागद दाखवला. दोन रेघा मारलेला. चार वर्षं त्याने तो ठेवला होता.

बाईंनी तो नीट वाचला आणि परत घडी करून त्याच्या हातात दिला.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा, मी दादाला घेऊन नगर-मनमाड रस्त्याने डायलिसिसला जातो. शाळेत मी तास बदलून घेतलेत. त्या रस्त्याचे खड्डे मला तोंडपाठ आहेत. प्रत्येक खड्ड्याला दादा डावा हात उजव्या हाताने धरतो, कारण त्या हातात शीर जोडून फुगवलेली आहे, सुई टोचायला. पहिल्या दिवशी यंत्राला लावलेलं, रक्त गाळणारं पांढरं नळकांडं त्याने बारकाईने पाहिलं. मला म्हणाला, "मास्तर, हे बघ. आपल्या ठिबकच्या फिल्टरपरीस लहान हाय. आन् काम बघ किती करतंय." नर्स हसली. मीही हसलो. दादाचा विनोद चांगला होता, यात वादच नाही.

पाणी मोजून. वहिनी सकाळी एक स्टीलचा तांब्या भरून ठेवतात, दिवसभर तेवढंच. त्यात चहा आला, गोळ्या आल्या. जामखेडात पाणी मोजून प्यायलेल्या बाईला नवऱ्याचं पाणी मोजावं लागतंय, आणि बाहेर पाट वाहतोय. दादा खाटेवर बसून मोबाईलवर बोट दाबतो, तिकडे दोन एकर ऊस पोटभर पितो. मग तो बर्फाचा खडा तोंडात ठेवतो आणि डोळे मिटून मोटरचा आवाज ऐकत बसतो.

आणि या काळात मी काय केलं? एक गोष्ट सांगतो. कुणी विचारलेली नाही, तरी सांगतो. दादाचं डायलिसिस सुरू होऊन तीन-चार महिने झाले होते, तेव्हा राहुरीकडे एका लग्नात माझ्या हातात माईक आला. आमच्या गावातलं कुणी नव्हतं. पुढारी यायचे होते. ओळखीचा एक जण म्हणाला, "सर, तो फावड्याचा किस्सा होऊन जाऊ द्या." मी सांगितला. सगळा सांगितला, फावड्याला एकटं वाटू नये इथपर्यंत. हशा तेवढाच आला. रतीभर कमी नाही. मला वाटलं होतं निदान माझा आवाज कुठेतरी अडकेल. अडकला नाही. माझ्या आवाजाचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. मग जेवण झालं, जिलेबी चांगली होती.

किडनी बदलायचं बोलणं डॉक्टरबाईंनीच काढलं. जवळचं कुणी देणारं आहे का? वहिनींनी तिथल्या तिथे हात वर केला, शाळेत करतात तसा. त्यांचा रक्तगट जुळला नाही. काष्टीच्या बहिणीला साखर. राहिलो मी. माझा रक्तगट दादाचाच.

आता मी कबूल करतो की मला आनंद झाला. फेडायला जागा सापडली होती. घरी मी हे जाहीर केलं ते बैठकीत मधोमध उभा राहून. "दोन आहेत, एक घे. आणि माझी घेतलीस तर रात्रंदिवस बडबड करेल, आधीच सांगतो." दादा हसला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्यासाठी वेगळी भाजी केली. माझ्या डोक्यात तर पुढचं भाषणही तयार झालं होतं. त्यात फावडं होतं, शेवटी माफी होती, आणि माफीच्या आधी एक चांगला हशा होता.

तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, सोनोग्राफी, छातीचा फोटो. एक यंत्र हाताला बांधून चोवीस तास घरी पाठवलं, ते दर अर्ध्या तासाने बीपी मोजायचं. वर्गात ते फुगलं की पोरं हसायची आणि मी त्यांना म्हणायचो, गप्प बसा, सरांचं मोजमाप चालू आहे.

ज्या दिवशी सगळे रिपोर्ट आले त्या दिवशी शुक्रवार होता. दादाचं डायलिसिस संपवून आम्ही तिघे बाईंच्या केबिनमध्ये बसलो. मी मधे, उजवीकडे दादा, डावीकडे मांडीवर फायलींची पिशवी घेऊन वहिनी. बाईंनी कागद उलटसुलट पाहिले.

"सर, तुम्हाला बीपी आहे हे माहीत होतं?"

"मला नाही. दादाला आहे."

"तुम्हालाही आहे. आजचं नाही, बरेच दिवसांचं असावं. लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. म्हणजे तुमच्याही किडनीला त्रास सुरू झालाय." त्यांनी कागद खाली ठेवला. "तुमची किडनी घेता येणार नाही."

मी म्हणालो, "एक घेतली तरी दुसरी..."

"तुमच्या दोन्ही तुम्हाला लागणार आहेत."

बाहेर कुणाचातरी नंबर पुकारला गेला.

"व्यायाम काही?" बाईंनी विचारलं.

"मी शिक्षक आहे. दिवसभर उभाच असतो."

"उभं राहणं वेगळं. चालता का?"

मी टेबलावरच्या पेनकडे बघत राहिलो. दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला, सुई टोचलेला, कापसाची पट्टी लावलेला हात. "मॅडम," तो म्हणाला, "बोलतो लई तो. बोलून बोलून बी दम लागतो त्याला." मला वाचवायला बोलला. बाई जरा हसल्या.

"तुमच्याकडे अजून वेळ आहे, सर," त्या म्हणाल्या. "गोळी आजपासून, रोज, न चुकता. मीठ कमी. आणि रोज अर्धा तास चाला. तुमच्या दादांच्या बाबतीत उशीर झाला. तुमचं अजून धरून ठेवता येईल, असं मला वाटतं."

काष्टीच्या लग्नाबद्दल वहिनींनी मला आजपर्यंत एक अक्षर विचारलं नव्हतं. मांडवात नाही, घरी नाही, नगरच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसून इतक्यांदा गेल्या-आल्या तेव्हाही नाही. ताटात भाकरी वाढायच्या, भावजी म्हणायच्या, गाडीत बसताना माझ्या बायकोची चौकशी करायच्या. त्या दिवशी त्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली, माझ्याकडे वळल्या, आणि आपण डॉक्टरसमोर आहोत हे विसरून बोलून गेल्या,

"ह्यांचं चालनं घालवलंत भावजी, आन् सोताबी चालला न्हाईत व्हय?"